विशेष मुलांचे आईवडील : आधार देणाऱ्यांना आधार कोणाचा?

दरवर्षी ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने गावोगावच्या सभागृहांत विशेष मुलांचे कार्यक्रम होतात. मुले समूहगीत म्हणतात, नृत्य सादर करतात, त्यांनी रंगवलेल्या पणत्यांचे आणि कागदी पिशव्यांचे प्रदर्शन भरते, पाहुण्यांच्या हस्ते पारितोषिके दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात. हे सारे चांगलेच आहे. मात्र त्याच सभागृहात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या स्त्रियांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. खांद्यावरच्या पिशवीत मुलाच्या कपड्यांचा जादा जोड, पाण्याची बाटली आणि औषधांची डबी. डोळे अखंड व्यासपीठावर. टाळ्या वाजवतानाही त्या निर्धास्त नसतात. ध्वनिवर्धक कर्कशला तर आपले मूल बिथरेल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत असते. प्रमुख वक्ते भाषणाच्या शेवटी त्यांचा उल्लेख 'त्यागमूर्ती माता' असा करतात, सभागृह टाळ्यांनी दुमदुमते आणि विषय तेथेच संपतो.

या गौरवात समाजाने आपली एक सोयही करून घेतलेली आहे. एखाद्याला मूर्ती म्हटले की त्याला झोप, थकवा, संताप आणि एकटेपणा असतो हे विसरण्याची मोकळीक मिळते. मूर्तीला हार घालायचा असतो. तिची विचारपूस करायची नसते.

विशेष मुलांच्या पालकांना स्वतःसाठी मानसशास्त्रीय साहाय्याची गरज असते, असे म्हटले की सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतही आज भुवया उंचावतात. उपचार हवेत ते मुलाला, आईवडील तर धडधाकट आहेत, असे उत्तर मिळते. 'मानसोपचार' या शब्दाभोवती अजूनही वेडाची छाया रेंगाळत असल्याने पालक स्वतःही त्या वाटेने जायला बिचकतात. परिणामी मुलासाठी चार तज्ज्ञ, आणि ज्यांच्या खांद्यावर ते मूल उभे आहे त्यांच्यासाठी एकही नाही, असे चित्र दिसते.

हा प्रश्न मूठभर घरांचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ३० लाख महाराष्ट्रातील होत्या. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता यांना त्यात स्वतंत्र स्थान मिळाले. म्हणजे जुन्या मोजणीत जी घरे दिसलीच नाहीत, अशीही अनेक आहेत.

निदानाचा दिवस बहुतेक पालकांना तारखेसह आठवतो. डॉक्टरांच्या खोलीतील दहा-पंधरा मिनिटे, कागदावर लिहिलेला बुद्ध्यंकाचा आकडा आणि 'औषध असे काही नाही, थेरपी सुरू करा' हे वाक्य. दुसऱ्या दिवसापासून मुलाचे वेळापत्रक सुरू होते : वाचा-उपचार, भौतिकोपचार, व्यवसायोपचार, विशेष शाळा. आईच्या नोकरीचा राजीनामा बहुधा पहिल्या वर्षातच दिला जातो. वडील खर्च भागवण्यासाठी जादा काम पत्करतात आणि हळूहळू घरात पाहुण्यासारखे होतात. दोघांनाही एकमेकांशी बोलायला वेळ उरत नाही. उरला तरी विषय एकच असतो.

अमेरिकेतील सायमन ओल्शान्स्की या समाजकार्यकर्त्याने १९६२ साली अशा पालकांच्या मनःस्थितीला 'चिरशोक' असे नाव दिले. आप्ताच्या मृत्यूचा शोक काळाबरोबर ओसरतो. हा शोक मात्र मूल समोर हसत-खेळत असताना, मुलाच्या वाढत्या वयाबरोबर पुनःपुन्हा नव्याने उभा राहतो. शेजारचे मूल बालवाडीत जाऊ लागते तेव्हा, बरोबरीच्या भावंडाची मुंज ठरते तेव्हा, दहावीच्या निकालाच्या दिवशी इमारतीत पेढे वाटले जातात तेव्हा, आतील जखम पुन्हा उघडते. ओल्शान्स्की यांचे खरे महत्त्व पुढेच आहे. त्यांच्या मते हा शोक म्हणजे विकार नव्हे, ती स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. आणि 'आता वस्तुस्थिती स्वीकारा' असा पालकांवर सतत तगादा लावणारे तज्ज्ञच चुकत आहेत. आपल्याकडे हा तगादा तज्ज्ञांपेक्षा नातेवाईक अधिक लावतात, एवढाच फरक.

शोकाच्या जोडीला येतो तो दोष. याबाबतीत पाश्चात्त्य मानसशास्त्राचा इतिहासही निष्कलंक नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत 'आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते' ही कल्पना तेथे शास्त्र म्हणून मिरवत होती. अशा मातांना 'रेफ्रिजरेटर मदर' म्हटले जाई. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून हा आरोप आणखी लोकप्रिय केला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे अशी मांडणी करून या कल्पनेला हादरा दिला होता. रिमलँड मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही होते. विद्वानांनी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि तिला सोडवायला एका पालकालाच पुढे यावे लागले.

मात्र ही चूक तिकडची म्हणून हसण्याचे कारण नाही. इकडे आरोपाची भाषा निराळी आहे, आरोपी तीच आहे. ग्रहणात हिने विळी हातात धरली होती का, हिच्या माहेरी कोणी 'असे' होते का, कुलधर्मात काही राहून गेले का, गेल्या जन्मीचे काही आहे का, या प्रश्नांची दिशा नेहमी सुनेकडेच असते. सावरकरांच्या विज्ञाननिष्ठेचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या घरांतही हे प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात, हे मान्य केले पाहिजे. कर्मसिद्धान्ताचा असा वापर हा धर्माचाही अपमान आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण शोधण्यासाठी नव्हे, स्वतःचे कर्तव्य ओळखण्यासाठी तो सिद्धान्त सांगितला गेला.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा हा बालक पुढे जनकाच्या सभेत बंदीला वादात जिंकतो, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याची आई सुजाता मात्र कोणाला आठवत नाही. गर्भातल्या बाळाने पठणातील चूक दाखवली म्हणून शाप देणारा पती कहोड. तोही वादात हरून जलसमाधी पावलेला. पित्याच्या, उद्दालकाच्या आश्रमात वाढणारे वाकड्या अंगाचे मूल आणि 'तुझे वडील कोण' हे त्याला सांगायचे नाही असा निर्बंध. बारा वर्षे ती हे सारे मनात ठेवते. श्वेतकेतूने त्या मुलाला आजोबांच्या मांडीवरून ओढले, तो रडत आईकडे आला, तेव्हा कुठे तिचे तोंड उघडले. बारा वर्षांत सुजातेला तिच्या मनात काय आहे ते कोणी विचारल्याचा उल्लेख त्या कथेत नाही. आज असंख्य घरांत सुजाता आहेत.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. 'आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे; आजी, आत्या, काकू असतात, शेजार असतो. पैसे मोजून परक्या माणसापुढे मन मोकळे करण्याची वेळ पाश्चात्त्यांवर येते, आपल्यावर नाही.' कुटुंब ही हिंदू समाजाची मोठी शक्ती आहे यात शंका नाही, आणि जेथे आजी-आजोबा खरोखर पाठीशी उभे राहिले तेथे विशेष मूलही फुलते, हे विशेष शाळांतील शिक्षक सांगतात. पण डोंबिवलीच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांच्या घरात ती काकू नाही. आजी गावी आहे, किंवा तिलाच आता सांभाळावे लागते. शिवाय जुन्या काळाचे चित्रही जितके रंगवले जाते तितके लोभस नव्हते. पाहुणे आले की असे मूल माजघरातून बाहेर येऊ न देण्याची रीत भरल्या वाड्यांतही होतीच. १९९१ च्या 'चौकट राजा' या चित्रपटातील दिलीप प्रभावळकरांचा नंदू महाराष्ट्राच्या मनात घर करून राहिला. सुलभा देशपांडे यांनी उभी केलेली त्याची आई मात्र चाळीत, एकटीच्या बळावर त्याला सांभाळते. चाळीत माणसे नव्हती म्हणून ती एकटी नव्हती. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगायचा तर तिच्यावर किती भार पडतो आहे हे मोजण्याची तयारीही असावी लागते.

मानसशास्त्रीय उपचार म्हणजे नेमके काय, याविषयीच बरेच अज्ञान आहे. कोचावर झोपवून बालपणीच्या आठवणी उकरणे म्हणजे उपचार, ही चित्रपटांनी दिलेली समजूत. विशेष मुलांच्या पालकांसाठी जे केले जाते ते त्याहून पुष्कळ साधे, व्यवहाराला धरून असलेले असते. पहिले पाऊल ऐकण्याचे. समुपदेशन ही परकीय आयात आहे असे मानणाऱ्यांनी भगवद्गीतेचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. अर्जुन आपली सारी व्यथा, शरीराच्या कंपापासून कुलक्षयाच्या भीतीपर्यंत, सांगून मोकळा होतो. श्रीकृष्ण त्या अध्यायात जवळजवळ मौनच पाळतात. उपदेश नंतर येतो. विशेष मुलाच्या आईशी बोलताना समाज नेमका पहिला अध्याय गाळतो.

ऐकण्यानंतर विचारांची तपासणी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. तिचे सूत्र असे की, माणसाला केवळ घटना अस्वस्थ करत नाही, त्या घटनेकडे पाहण्याचा त्याचा दृष्टिकोन अस्वस्थ करतो. मंगल कार्यालयात मूल मोठ्याने ओरडू लागले, ही घटना. 'लोकांनी आमच्याकडे असे पाहताच कामा नये', 'मी चांगली आई असते तर हे घडलेच नसते', हे त्यावरचे हट्टी विचार. परिणाम असा की पुढच्या लग्नाला जाणेच बंद होते, मग हळदीकुंकू बंद होते, मग गणपतीला गावी जाणे. समुपदेशक त्या विचारांना एकेक करून पुरावा विचारतो. लोकांनी पाहू नये ही इच्छा रास्त आहे, पण ते पाहणारच. पाहिले तर नेमके काय बिघडते? चांगल्या आईची मुले कधीच ओरडत नाहीत का? हे एका बैठकीत साधत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे काही बैठका लागतात, मधल्या दिवसांत करायचा गृहपाठ असतो. त्या गृहपाठात 'या रविवारी मुलाला घेऊन देवळात जाऊन या आणि काय घडले ते लिहा' इतकी साधी गोष्टही असते.

दुसरा भाग अडचणींच्या सोडवणुकीचा. थकलेल्या मनाला सगळे प्रश्न एकाच वेळी आणि एकाच आकाराचे दिसतात. रात्री मूल झोपत नाही, शाळेची गाडी मिळत नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, कर्जाचा हप्ता आहे. ते सुटे करायचे, त्यातला एक निवडायचा, त्यावरचे चार-पाच उपाय कागदावर मांडायचे, एक करून पाहायचा. ऐकायला हे बाळबोध वाटते. परंतु दीर्घ आजारी मुलांच्या पालकांवर झालेल्या अभ्यासांत नेमक्या याच पद्धतीचा पालकांच्या मनःस्वास्थ्याला उपयोग झाल्याचे आढळले आहे.

वडिलांचा विचार वेगळा करावा लागतो. पुरुष रडत नाही, तो गप्प होतो किंवा चिडतो. त्याचे दुःख घरच्यांना तुसडेपणा म्हणून भेटते. समुपदेशनाला तो बहुधा पत्नीला सोडायला येतो आणि बाहेर दुचाकीवर बसून राहतो. ज्या केंद्रांनी त्याला आत बोलावण्याची युक्ती साधली, तेथे निम्मे काम झाले असे समजावे. भावंडांचेही तसेच. 'तू समजूतदार आहेस ना' हे वाक्य पाच वर्षांच्या मुलीला दिवसातून दहा वेळा ऐकवले गेले, तर ती समजूतदार होते खरी, पण तिचे बालपण त्यात जाते.

उपचारांवाचून राहिलेल्या पालकांचा आणखी एक शत्रू असतो : आशेचा बाजार. कोणी अंगारा देतो, कोणी लाखो रुपयांची मूलपेशी-चिकित्सा सुचवतो. स्वमग्नतेवर मूलपेशी-उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. तोवर कित्येकांनी दागिने मोडले होते. फसणारे अडाणी असतात असे मुळीच नाही. अपराधभावाने पोखरलेल्या मनाला 'सर्व काही करून पाहिले' एवढे समाधान हवे असते आणि बाजार ते चढ्या भावाने विकतो. आईवडिलांचे मन वेळीच सावरले गेले तर घरातला पैसाही वाचतो, हा मुद्दा निदान व्यवहारी माणसांना पटावा.

आणि सर्वांच्या तळाशी असतो तो प्रश्न : 'आमच्यानंतर याचे काय?' साठी गाठलेल्या पालकांना तो रात्री झोपू देत नाही. एखादी आई मुलासह जीवन संपवते अशी बातमी अधूनमधून येते, समाज हळहळतो आणि पान उलटतो. येथे नुसता दिलासा कामाचा नाही. समुपदेशकाला कायदाही ठाऊक हवा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला वयाच्या अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती आहे. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा-संरक्षण आहे. हे अर्ज भरले गेले की भीती नाहीशी होत नाही, पण तिला एक आकार येतो. पुढच्या मुक्कामाची सोयही पालकांनीच उभी केली आहे : बदलापूरचे 'आधार', डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल', पुण्याचे 'सावली'. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापली तीही मुलीच्या निमित्ताने. या माणसांचे कर्तृत्व वादातीत आहे. तथापि प्रत्येक दुःखी पालकाने संस्थापक व्हावे अशी अपेक्षा समाज किती काळ धरणार?

शासनाच्या बाजूने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आली, २०१६ च्या कायद्याने 'काळजीवाहक' या व्याख्येत आईवडिलांना घेतले आणि अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद केली, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला, २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. तरीही या साऱ्या रचनेत पालक हा मुलाला घेऊन येणारा माणूस आहे. त्याची स्वतःची नोंदवही कोठेच नाही. केरळने अशा काळजीवाहकांसाठी दरमहा ६०० रुपयांची 'आश्वासकिरणम्' योजना आखली. तेथील राज्यकर्त्यांशी असलेले वैचारिक मतभेद सर्वश्रुत आहेत. म्हणून चांगली कल्पना घेऊ नये असे नाही. 'दिव्यांग' हा सन्मानाचा शब्द पंतप्रधानांनी २०१५ मध्ये देशाला दिला. शब्दाने दृष्टी बदलण्यास आरंभ झाला, हे खरे. पण त्या शब्दाने आईला रात्रीची झोप मिळत नाही.

सेवाक्षेत्रात काम करणाऱ्यांनाही येथे थोडे आत्मपरीक्षण करावे लागेल. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' केंद्र सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांसाठी निष्ठेने काम करते. २००८ मध्ये नागपुरात स्थापन झालेली 'सक्षम' देशभर पोहोचली आहे. अशा प्रकल्पांच्या वार्षिक अहवालांत लाभार्थी बालकांची संख्या असते, वाटप केलेल्या साधनांची संख्या असते. किती आईवडिलांशी कोणी प्रशिक्षित व्यक्ती सलग दहा वेळा बोलली, हा रकानाही आता असावा. केवळ सदिच्छा येथे अपुरी आहे, प्रसंगी घातकही. 'देवाने तुमची निवड केली आहे' हे वाक्य प्रेमाने उच्चारले तरी ऐकणाऱ्या आईला ते शिक्षेसारखे वाटू शकते. काय बोलावे यापेक्षा काय बोलू नये हे कार्यकर्त्याला आधी शिकवावे लागते.

तज्ज्ञांची उणीव मोठी आहे, हे खरे. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या मानसिक आरोग्य संस्थेसारखी केंद्रे मोजकीच आणि तीही मोठ्या शहरांत. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला पालक-प्रशिक्षण कार्यक्रम मुद्दाम अशा रीतीने बेतलेला आहे की तज्ज्ञ नसलेली, मात्र प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती तो चालवू शकते. त्यात ९ गटसत्रे आणि ३ गृहभेटी आहेत, आणि मुलाच्या संगोपनाबरोबर पालकाच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याचाही समावेश आहे. गृहभेट! घरोघरच्या संपर्कावर ज्यांचे काम दशकानुदशके उभे आहे, त्यांना ही पद्धत नव्याने शिकवावी लागणार नाही. तीव्र नैराश्याची लक्षणे कोणती, कोणत्या टप्प्यावर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलेच पाहिजे, एवढे मात्र नेमके शिकून घ्यावे लागेल.

प्रारंभ लहान असावा. तालुक्याच्या गावी पतपेढीचे किंवा ग्रंथालयाचे सभागृह महिन्यातील एका रविवारी दोन तास मिळाले तरी पुरे. आठ-दहा कुटुंबे, एक प्रशिक्षित समुपदेशक, व्यासपीठ नाही, पुष्पगुच्छ नाही, छायाचित्रकार तर नाहीच. वडिलांना निरोप स्वतंत्र द्यावा, पत्नीमार्फत नव्हे. आणि शेजारच्या खोलीत त्या दोन तासांपुरते मुलांना सांभाळतील असे चार-सहा तरुण आधीपासून तयार ठेवावेत, मुलांची नावे आणि सवयी माहीत करून घेतलेले. कारण ते नसतील तर आई बैठकीला आली तरी तिचे अर्धे लक्ष दाराकडेच राहील.